मिशनरी गुरू आणि मराठी तरुण : नेतृत्वघडणीचा एक विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना माणसे घडविण्याचा ध्यास होता, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांना जवळ बसवून ते लिहिते-बोलते करीत. तेव्हा त्यांच्या स्मृतीला अभिवादन करताना तरुणांचे नेतृत्व घडते कसे, याचाच विचार करावा असे मला वाटले. मात्र उपदेशाच्या चार गोष्टी सांगण्यापेक्षा इतिहासातला एक प्रत्यक्ष प्रयोग तपासून पाहावा, या हेतूने मी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केलेल्या तरुणांच्या मार्गदर्शनाचा विषय घेतला आहे.

हा विषय नाजूक आहे, याची मला जाणीव आहे. ‘मिशनरी’ हा शब्द उच्चारला की काहींना धर्मांतराचा संशय येतो, तर काहींना केवळ शाळा आणि दवाखाने आठवतात. मी येथे मराठी वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून उभा आहे. ना निंदेसाठी, ना स्तुतीसाठी. एका परक्या गुरूने येथल्या तरुणाला हाताशी धरले तेव्हा त्या तरुणाचे पुढे काय झाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

१. एक कोसळलेली व्यवस्था

आरंभ दूरच्या देशापासून करतो. माझ्या पिढीतील वाचकांना मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची मराठी पुस्तके आठवत असतील. सुबक छपाई, कापडी बांधणी आणि किंमत अगदी अल्प. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ती पुस्तके येणे थांबले. आपल्या दृष्टीने एक ग्रंथमाला संपली. तेथल्या तरुणांच्या दृष्टीने मात्र जगण्याची सारी चौकटच मोडली होती. शाळेत शिकविलेला इतिहास, संघटना, आदर्श पुरुष, सणवार, सारे काही एकाएकी संशयास्पद ठरले.

या पोकळीत अनेक जण धावून गेले. त्यांत पाश्चात्त्य देशांतील, विशेषतः अमेरिकेतील, प्रोटेस्टंट मिशनरी संस्था होत्या. सोव्हिएत राजवटीने १९२९ च्या कायद्याने मुलांच्या व तरुणांच्या खास धार्मिक सभांना आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांना बंदी घातली होती. त्यामुळे चर्चमध्ये वृद्ध मंडळी टिकून राहिली, पण त्यांची जागा घेणारी तरुण फळी नीटपणे तयार होऊ शकली नाही. १९९० च्या कायद्याने धर्मस्वातंत्र्य मिळाले, तेव्हा पहिली गरज भासली ती तरुण नेतृत्वाची. सेंट पीटर्सबर्ग, ओडेसा यांसारख्या शहरांत प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या शाळा निघाल्या. १९९२ साली ऐंशीहून अधिक अमेरिकी ख्रिस्ती संस्थांनी ‘कोमिशन’ नावाची संयुक्त मोहीम उभारली. रशियातील शाळाशिक्षकांना ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकविण्याची पद्धती द्यावी, असा तिचा उद्देश होता आणि प्रारंभी तिला तेथील शिक्षण मंत्रालयाची संमतीही मिळाली होती.

ही मोहीम १९९७ मध्ये आटोपली. तिच्यात गेलेले पुष्कळसे स्वयंसेवक वर्षभराच्या मुदतीने गेलेले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांचा व्यवहार दुभाष्यामार्फत चाले. त्यांचा हेतू प्रामाणिक होता, कष्टही खरे होते. परंतु ज्या तरुणाला आधार हवा होता, त्याची भाषा उमगण्याच्या आतच मार्गदर्शकाची परतण्याची वेळ येई. इकडे ऑर्थोडॉक्स चर्चला आणि राज्यकर्त्यांना परक्यांचा हा शिरकाव सलू लागला. १९९७ च्या कायद्याने नव्या धर्मसंस्थांवर निर्बंध आणले आणि २०१६ च्या दुरुस्तीने मिशनरी कार्याची मर्यादा आणखी आवळली.

हे सारे वाचताना मला राहून राहून आपला एकोणिसावा शतकारंभ आठवत होता. व्यवस्था कोसळली आहे, तरुण भांबावलेला आहे, परका गुरू ग्रंथ घेऊन दारात उभा आहे. हे चित्र मराठी माणसाला अनोळखी नाही.

२. पेशवाईनंतरचा महाराष्ट्र आणि आपली सुरत

१८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना रीतसर वाट मोकळी झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्या कार्यातून ‘अमेरिकन मराठी मिशन’ उभे राहिले. पाच वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली. दक्षिणा, वतने, पाठशाळा यांवर उभी असलेली विद्येची जुनी घडी विस्कटली आणि नव्या राज्याची नवी विद्या अजून रुजायची होती. या संधिकालात जे तरुण वाढले, त्यांना विचारायला जुना गुरू अपुरा पडत होता.

सुरत या इतिहासाच्या कडेला उभी नव्हती. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी हे मिशनरी १८१५ च्या सुमारास येथे आले. त्यांनी छापखाना घातला आणि बायबलचे गुजराती भाषांतर याच शहरात छापले गेले. पुढे १८४० च्या दशकात येथील काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले.

त्याच दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत एक मराठी शिक्षक होते, दादोबा पांडुरंग तर्खडकर. ज्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि ज्यांना आपण मराठी भाषेचे पाणिनी म्हणतो, तेच हे दादोबा. मिशनऱ्यांची हिंदुधर्मावरील टीका त्यांच्या कानांवर पडत होती. तिला उत्तर द्यावयाचे तर आपल्याच घरातील केर आधी काढला पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशा पाच ‘द’कारी मित्रांनी सुरतेत ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक, आणि भूतखेत व मंत्रतंत्र यांचे थोतांड उघडे पाडावयाचे, हा तिचा रोख होता. दादोबा मुंबईस परतले आणि १८४९ च्या सुमारास ‘परमहंस सभा’ निघाली. ती मोडल्यावर १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ‘प्रार्थना समाज’ उभा राहिला. महाराष्ट्रातील धर्मसुधारणेचा एक मूळ प्रवाह असा तापीकाठी उगम पावला आहे. बमरोलीत राहणाऱ्या मराठी मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. आपण येथे केवळ पोटामागे आलेले पाहुणे नाही; आपल्या विचारपरंपरेची एक खूण या शहरात आधीच उमटलेली आहे.

३. मार्गदर्शनाची रीत

आता प्रश्न असा की, मिशनरी तरुणांना घडवीत म्हणजे नेमके काय करीत? त्या काळातील चरित्रे व आत्मचरित्रे वाचताना चार गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिली गोष्ट, दीर्घकालचा सहवास. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आली, १८३९ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली आणि १८६२ मध्ये तिचा अंत झाला तोही याच भूमीत. पस्तीस वर्षे! जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि १८७५ मध्ये मुंबईतच त्यांनी देह ठेवला. ज्याला आपले थडगेही येथेच व्हावयाचे आहे, त्याच्या बोलण्याला निराळे वजन येते.

दुसरी गोष्ट, भाषा. ही मंडळी मराठी शिकली, मराठीत लिहू लागली, चुकली, हसली गेली आणि पुन्हा शिकली. त्यांची मराठी कित्येकदा ओबडधोबड असे. परंतु गुरू आपल्या भाषेत अडखळतो आहे हे पाहण्याने शिष्याला धीर येतो. त्या एका बाबतीत तरी शिष्यच गुरू असतो.

तिसरी गोष्ट, वाद. विल्सन यांनी मुंबईत जाहीर धर्मचर्चा घडवून आणल्या. मोरभट दांडेकर यांच्यासारखे शास्त्री त्यांच्याशी भिडले. श्रोत्यांत बसलेल्या तरुणांनी प्रथमच पाहिले की, धर्मासारख्या विषयावर प्रश्न विचारता येतात, उत्तर मागता येते, आणि ते न पटल्यास तसे म्हणताही येते. वादाचा विजय कोणाचा झाला, यापेक्षा ही सवय लागली, हे मला मोलाचे वाटते.

चौथी गोष्ट, हातात दिलेले खरे काम. छापखाना, शाळा, गावोगावची फेरी, नियतकालिकाचे संपादन, ही कामे तरुणांवर सोपविली जात. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे उदाहरण घ्या. १८५५ मध्ये याच पत्रात मुक्ता साळवे या मांग समाजातील, जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत प्रसिद्ध झाला. ज्या समाजाला पाटीला हात लावण्याची मुभा नव्हती, त्यातील एक मुलगी छापील पानावरून साऱ्या महाराष्ट्राला जाब विचारीत होती. तिला बोलण्याचे बळ फुल्यांनी दिले आणि बोलायला जागा मिशनच्या पत्राने दिली.

४. तीन वाटा

या मार्गदर्शनाखाली आलेले तरुण एकाच साच्यातून निघाले नाहीत. त्यांच्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट स्वीकाराची. बेळगावचे बाबा पदमनजी (जन्म १८३१) मिशनच्या शाळांत शिकले, परमहंस सभेतही वावरले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ ची कादंबरी विधवांच्या हालअपेष्टांवर लिहिलेली आहे. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून आपण ती वर्गात शिकवितो. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र म्हणजे एका तरुणाचे मन गुरू, ग्रंथ, मित्र आणि घर यांच्या ओढाताणीत कसे पालटत जाते, याचा मराठीतील दुर्मीळ दस्तऐवज होय.

दुसरी वाट विद्या घेऊन धर्म न घेण्याची. जोतीराव फुले १८४१ पासून पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहून त्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले त्यातही फॅरारबाईंचा वाटा होता. फुल्यांनी मिशनऱ्यांविषयीची कृतज्ञता कधी लपविली नाही. परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि आपला स्वतंत्र सार्वजनिक सत्यधर्म मांडला. गुरूचा दिवा घेऊन ते गुरूने न दाखविलेल्या रस्त्याने गेले.

तिसरी वाट विरोधातून जागे होण्याची. दादोबा आणि दुर्गाराम यांचे उदाहरण वर आलेच आहे. मिशनऱ्यांनी यांना घडविले असे म्हणता येणार नाही. परंतु मिशनऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही, हेही खरे.

या तिन्ही वाटांवरचे लोक पुढे समाजाचे पुढारी झाले. मिशनच्या हिशेबाच्या वहीत मात्र यांपैकी केवळ पहिली वाट यश म्हणून लिहिली जाई. वहीचा हिशेब आणि समाजाचा हिशेब यांत असा फरक पडतो.

५. जेथे चुकले

एकीकडे हे श्रेय देताना दुसरीकडे डोळे मिटून चालणार नाही. १८४३ मध्ये मुंबईत रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. तो जाणता होता, त्याचा निर्णय त्याचा होता. पुढे त्याने जालन्याजवळ दलित ख्रिस्ती कुटुंबांसाठी ‘बेथेल’ ही वसाहत उभारून आपले नेतृत्व सिद्धही केले. पण त्याचा धाकटा भाऊ श्रीपत सुमारे बारा वर्षांचा होता. तोही मिशनच्या घरी राहू लागला, तेव्हा वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि न्यायालयाने मूल वडिलांच्या स्वाधीन केले. कोर्टाचा निकाल लागला तरी मुलाचा प्रश्न सुटला नाही. पंक्तीला बसलेल्या या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर शास्त्रीमंडळींत रणे माजली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्यासाठी खटपट केली आणि त्यापायी स्वतः बहिष्काराचे चटके सोसले.

या प्रकरणात मला दोन अपराध दिसतात. बारा वर्षांच्या मुलाच्या मनावर एवढ्या मोठ्या निर्णयाचे ओझे पडू देणे, हा एक. आणि घरी परतलेल्या मुलाला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवणे, हा दुसरा. पहिला परक्या गुरूचा, दुसरा आपल्या समाजाचा. मार्गदर्शनाला वयाची आणि संमतीची मर्यादा असते, हे आजच्या कोणत्याही शिक्षकाने, कोणत्याही पंथाच्या प्रचारकाने आणि कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने विसरू नये.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म होती. मिशनचा पगार, मिशनचे घर, मिशनचे कंपाउंड. धर्मांतरामुळे आप्तांना मुकलेल्या तरुणाला हा आसरा लागे, यात शंका नाही. परंतु ज्याच्या हाती शिधा, त्याच्याच हाती निर्णय, अशी स्थिती उद्भवे. तरुण हुशार असला तरी तो ‘नेटिव्ह मदतनीस’ म्हणूनच ओळखला जाई. पंडिता रमाबाईंचा अनुभव याच जातीचा आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथील गुरुभगिनींनी ठरविलेले सिद्धांत जसेच्या तसे मानण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्यातील पत्रव्यवहारात हा संघर्ष पानोपानी आहे. १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदासदन’ आणि पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली, ती या स्वतंत्र बाण्यावर.

६. टिळक आणि ठोंबरे

या साऱ्या विचाराचे मर्म मला एका घरात सापडते. ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये कोकणात करजगावी झाला. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी बोलता बोलता ‘नव्या करारा’ची प्रत त्यांच्या हाती ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या सहवासात ते धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळला. परंतु ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाने अभंगात, कीर्तनात, आपल्या मातीच्या रीतीने करावी, ही त्यांची धारणा उत्तरोत्तर दृढ होत गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त सामावून घेण्याची कल्पना होती. मिशनच्या वर्तुळात ती सर्वांना रुचणारी नव्हती. तरी ज्या मिशनने टिळकांना विचार करायला जागा दिली, त्याच मिशनच्या पलीकडे टिळक गेले, यात त्या मिशनचा पराभव झाला असे मी मानीत नाही.

आता याच टिळकांना गुरूच्या जागी पाहा. खानदेशातील धरणगावी १८९० मध्ये जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा मुलगा. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले, तेथे या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सर्वांना थक्क केले आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळविली. टिळक त्याला अहमदनगरला आपल्या घरी घेऊन गेले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोराप्रमाणे वागविले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला तो लहरी, अवखळ, रुसणारा आणि मनमोकळा हसणारा ‘ठोंबरे’ माहीत आहे. टिळक हे ख्रिस्तसेवेला वाहिलेले पुरुष; त्यांच्या घरी, त्यांच्या अन्नावर, त्यांच्या मायेच्या सावलीत हा पोरगा राहिला. तरी तो ख्रिस्ती झाला नाही. त्याची कविताही टिळकांच्या वाटेने गेली नाही. टिळकांची ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ख्याती. त्यांच्या फुलांतून देव डोकावतो. बालकवींच्या निर्झरांना आणि पाखरांना आपले स्वतःचे आयुष्य आहे, आणि त्यांच्या अखेरच्या काळातील उदासी तर सर्वस्वी त्यांचीच. टिळकांनी त्यांच्या अंगावर आपला अंगरखा चढविला नाही.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकानजीक रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. पुढच्या वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले. टिळकांच्या घरात कोण काय शिकले, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

येथे जमलेल्यांपैकी कित्येक जण खानदेशचे आहेत. उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला पोहोचते, तेव्हा वाटेत धरणगाव लागते. दिवाळीला गावी जाताना आपण कितीदा तरी ते स्थानक ओलांडले असेल. पुढच्या खेपेस खिडकीतून जरा बाहेर पाहा, आणि मुलांना त्या गावचे नाव वाचून दाखवा.

७. आपल्या अंगणात

मित्रहो, आता थोडे स्वतःविषयी. मी महाविद्यालयात तीसहून अधिक वर्षे बालकवी शिकविले आणि टिळकांच्या या गुणाचे दरवर्षी रसभरित वर्णन केले. त्याच काळात माझ्याकडे एक विद्यार्थी संशोधनासाठी आला होता. आईवडील यंत्रमागावर कामाला, घरची बोली अहिराणी. त्याला आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या गाण्यांवर लिहावयाचे होते. मी त्याला सांगितले की, या विषयाला मान नाही, संदर्भ मिळणार नाहीत. तू माझ्या विषयाचा एक भाग घे. त्याने दोन वर्षे माझा विषय माझ्या भाषेत लिहिला. प्रत्येक प्रकरणात मी लाल शाईने त्याची वाक्ये काढून माझी घातली. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. पुढे कळले की, तो एका गिरणीत हिशेबनीस झाला. ती गाणी म्हणणारी त्याची माउलीही आता राहिली नाही, असे कानावर आले. गाणी कोणी लिहून घेतली नाहीत.

मिशनऱ्यांनी बारा वर्षांच्या श्रीपतला घरापासून तोडले, असा ठपका मी आताच ठेवला. मी त्या तरुणाला त्याच्या आईच्या बोलीपासून तोडले, त्याला काय म्हणावे? त्यासाठी मला कोणत्याही धर्माचा आधार लागला नाही. लाल शाई पुरली.

म्हणून या विषयातून मी जे शिकलो ते एवढेच की, मार्गदर्शकाची कसोटी शिष्य त्याच्यापासून वेगळा होऊ लागतो त्या क्षणी लागते. तोवर सारे गुरू उदार असतात. गुरूने साऱ्या जगाकडून विजयाची आणि शिष्याकडून पराजयाची इच्छा धरावी, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. ते वचन पाठ असणे सोपे, आचरणे कठीण. रशियात गेलेल्या मोहिमेजवळ साधने होती, पण वेळ आणि भाषा अपुरी पडली. आपल्याकडे आलेल्या मिशनऱ्यांनी वेळ दिला, भाषा शिकली. आणि जेथे त्यांनी तरुणाला मोकळे सोडले तेथे फुले, रमाबाई, टिळक निर्माण झाले. जेथे त्यांना मोकळे सोडवले नाही, तेथे केवळ मदतनीस तयार झाले.

बमरोली, पांडेसरा, उधना या पट्ट्यातील मराठी मुलाची स्थिती आज काही अंशी त्या संधिकालातील तरुणासारखीच आहे. घरात अहिराणी किंवा मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि स्वप्न इंग्रजीचे. त्याच्या दारात नाना तऱ्हेचे गुरू उभे आहेत. कोणी पंथाचे, कोणी पक्षाचे, कोणी पैशाचे. बहुतेकांना अनुयायी हवा आहे. त्याच्याबरोबर दहा वर्षे राहण्याची तयारी असलेला आणि तो निराळा निघाला तरी न रुसणारा माणूस त्याला कोठे भेटणार?

माजी विद्यार्थ्यांना माझी एक व्यवहारातील सूचना आहे. वर्गण्या काढून आपण खोल्या बांधता, ते उत्तमच. त्याबरोबर प्रत्येकाने शाळेतील एकेका मुलाची किंवा मुलीची तीन-चार वर्षे नुसती विचारपूस करावी. त्याला खरे काम द्यावे. शाळेचे हस्तलिखित मुलांनीच संपादित करावे; त्यात बोलीतले शब्द आले तर शिक्षकांनी ते कापू नयेत. आपल्या वस्तीतील मागांवर राबणाऱ्या आजी-आजोबांच्या आठवणी मुलांनी लिहून काढाव्यात. आणि बक्षीस समारंभात मुलाने भाषण करावयाचे असेल, तर ते त्याला लिहून देऊ नये. तो अडखळेल. अडखळू द्यावे.

ज्या गुरुजींच्या नावे आपण जमलो, त्यांचे विद्यार्थी आज निरनिराळ्या व्यवसायांत, निरनिराळ्या मतांचे होऊन या सभागृहात बसले आहेत. एकाचे दुसऱ्याशी पटत नसेल. गुरुजी असते तर त्यांना याचा संतोषच वाटला असता, असे मला वाटते.